संबंधानंतर रक्त जाते, कारण कळत नाही : तरुणींसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

आरोग्य शिबिर संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि तेव्हा एखादी मुलगी कार्यकर्तीजवळ येऊन हळूच म्हणते, "ताई, एक विचारू का?" शिबिरात रक्तदाब तपासून झालेला असतो, साखर तपासून झालेली असते. तिचा प्रश्न यातल्या कुठल्याच टेबलावरचा नसतो. संबंध आला की रक्त जाते. पाळीचे नव्हे. कधी दुखते, कधी दुखतही नाही. चार-पाच महिने झाले. कोणाला सांगितलेले नाही.

ताईकडेही बहुधा दोनच उत्तरे असतात. एक, "उष्णता झाली असेल, सब्जा भिजवून घे." दुसरे ती बोलत नाही, पण चेहऱ्यावर दिसते : कॅन्सर तर नाही ना? खरे उत्तर बहुतेक वेळा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ते बसल्या जागी सांगता येत नाही. आतून तपासणी केल्याशिवाय ते सापडत नाही. या लेखात जे काही पुढे आहे, ते या एका गोष्टीभोवती आहे.

असे विषय जाहीर लिहावेत का, असे अजूनही काही जणांना वाटते. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरला, कर्वेंना दंड झाला. लोक जे प्रश्न विचारतात त्यांना शास्त्रीय उत्तर देणे अश्लील कसे, ही बाजू मात्र न्यायालयात मांडली गेली. तेव्हा आपल्या वाचकांपुढे या विषयाची वेगळी सफाई द्यायला नको.

आधी हे : केव्हा थांबायचे नाही

काही परिस्थितींत लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. एका तासात पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, हातपाय गार पडत असतील, तर १०८ ला फोन करा. संबंधाच्या वेळी योनीच्या आतल्या बाजूला खोल चीर जाऊ शकते. पहिल्याच वेळी असे झालेल्या मुली तासन्‌तास कपडा लावून झोपून राहतात, कारण सांगायचे कोणाला हा प्रश्न असतो. अशी चीर टाके घालून बरी होते, पण रक्त फार गेले तर जिवावर बेतते.

पाळी चुकलेली आहे, पोटात एका बाजूला जोरात दुखते आहे आणि रक्त जाते आहे, तर गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असण्याची शक्यता असते. तीही तातडीचीच बाब. गरोदरपणात कुठल्याही महिन्यात रक्त गेले तर त्याच दिवशी दाखवावे. ताप, ओटीपोटात दुखणे आणि वास येणारा स्राव एकत्र असेल तर संसर्ग आत, गर्भनलिकांपर्यंत पोचलेला असू शकतो. तिथेही उद्यावर ढकलू नये.

बाकीच्यांना चार-आठ दिवसांची सवड असते. सवड म्हणजे वर्ष नव्हे.

रक्त येते कुठून

पाळीचे रक्त गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून येते. संबंधानंतर जाणारे रक्त बहुतेक वेळा त्याच्या खालून, गर्भाशयाच्या मुखातून किंवा योनीमार्गातून येते. गर्भाशयमुख हा गर्भाशयाचा खालचा, योनीत उतरलेला भाग. संबंधाच्या वेळी घर्षण होते ते इथे. तिथली त्वचा नाजूक झालेली असेल, सुजलेली असेल किंवा तिथे काही वाढलेले असेल, तर धक्का लागताच रक्त येते.

तरुण वयात सापडणारी कारणे साधारण अशी : मुखावरची नाजूक लाल त्वचा, जंतुसंसर्ग, कोरडेपणा आणि त्यातून गेलेल्या बारीक चिरा, मुखावर वाढलेला छोटा मऊ कोंब (याला पॉलिप म्हणतात, तो बहुधा निरुपद्रवी असतो आणि सहज काढता येतो), आणि गर्भनिरोधकांमुळे होणारा अनियमित रक्तस्राव. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. ते सुरू केल्यावर पहिले काही महिने मध्येच डाग पडणे अगदी नेहमीचे आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतल्यानंतरही मध्येच रक्त जाऊ शकते. अशा वेळी रक्ताचा संबंधाशी संबंध नसतो, फक्त ते लक्षात तेव्हा येते. तांबी बसवलेली असेल तर तीही तपासून घ्यावी लागते. क्वचित रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो. लहानपणापासून नाकातून रक्त येणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे, पाळीला फार जाणे असा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर या यादीत आहे. पंचविशीच्या आत तो फार क्वचित दिसतो. तो यादीत शेवटी आहे म्हणून तपासणी टाळायची नाही, आणि यादीत आहे म्हणून झोप उडवून घ्यायची नाही.

'जखम आहे' म्हणजे काय

आपल्याकडे तपासणीनंतर बायकांना सर्रास सांगितले जाते, "पिशवीच्या तोंडाला जखम आहे." हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याने फार नुकसान केले आहे.

गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचे अस्तर मऊ, लालसर आणि पातळ असते. बाहेरच्या भागाची त्वचा जाड आणि फिकट गुलाबी असते. वयात आल्यावर, गरोदरपणात, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना शरीरातील इस्ट्रोजेनच्या प्रभावाने आतले लाल अस्तर थोडे बाहेर येते. तपासताना मुखाभोवती लाल वर्तुळ दिसते. त्याला इंग्रजीतून आलेला जुना शब्द 'इरोजन' असा होता, म्हणजे झिजलेले, खरवडलेले. त्याचेच मराठीत 'जखम' झाले. प्रत्यक्षात तिथे काही खरवडलेले नसते. आजचा शब्द 'एक्ट्रोपियन' असा आहे आणि त्याचा अर्थ फक्त बाहेर वळलेले. तरुण मुलींमध्ये हे इतके आढळते की त्याला आजार म्हणणेही बरोबर नाही. ते अस्तर पातळ असल्यामुळे स्पर्शाने त्यातून रक्त येते, पांढरे पाणीही थोडे जास्त जाते. त्रास नसेल तर उपचारांची गरज नसते. त्रास असेल तर आधी संसर्ग आणि कॅन्सरपूर्व बदल नाहीत याची खात्री करतात, गोळ्या चालू असतील तर बदलून पाहतात, आणि तरीही थांबले नाही तर तो भाग गोठवण्याचा किंवा शेकण्याचा छोटा उपचार करतात. त्याला पोट उघडावे लागत नाही.

पण 'जखम' म्हटले की पुढचे वाक्य येते, "पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका." बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची नोंद घेतली गेली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यात पस्तिशी न गाठलेल्या बायकाही होत्या. अंगावरून पांढरे जाते, रक्त जाते, कंबर दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायका. त्यामागे मुकादमाची उचल होती, खाडा केला तर कापला जाणारा पैसा होता, फडावर संडास-न्हाणी नसणे होते. आणि कॅन्सरच्या भीतीचा धंदाही होता. पिशवीबरोबर बीजांडे काढली तर ऐन तरुणपणात पाळी जाते आणि हाडे ठिसूळ व्हायला लागतात, हे त्यांना आधी सांगितले गेले होते का?

म्हणून एक नियम लक्षात ठेवा. संबंधानंतर रक्त जाते एवढ्या कारणावरून, पॅप किंवा एचपीव्ही तपासणी आणि गरज असल्यास तुकड्याची तपासणी न करता, कोणी पिशवी काढायला सांगत असेल तर सही करू नका. कागद घ्या आणि जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्या. दुसरे मत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

संसर्ग असेल तर

क्लॅमिडिया, गनोरिया आणि ट्रायकोमोनास हे संबंधातून पसरणारे जंतू गर्भाशयमुखाला सूज आणतात. सुजलेले मुख स्पर्शाने रक्ताळते. क्लॅमिडियाची अडचण अशी की तो अनेकींना काही महिने काहीच जाणवू देत नाही, आणि त्याच काळात गर्भनलिकांचे नुकसान करत राहतो. पुढे मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात तेव्हा जुना संसर्ग कळतो.

उपचार सोपे आहेत आणि फुकट आहेत. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते, तिथे लैंगिक संसर्गांवर उपचार होतात. औषधांची रंगीत पाकिटे ठरलेली आहेत. गर्भाशयमुखाच्या सुजेसाठी करड्या रंगाचे एक नंबरचे पाकीट असते, योनीच्या संसर्गासाठी हिरवे, दोन नंबरचे. तिथेच एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्यावी. औषध जोडीदारानेही घ्यायचे असते, आणि औषध घेतल्यानंतर किमान ७ दिवस संबंध टाळायचे असतात. एकट्या बाईने घेतलेले औषध म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे.

इथेच घरात भांडण पेटते. "हे तुला आले कुठून?" रिपोर्टवर जंतूचे नाव असते, तो केव्हा आणि कोणाकडून आला हे लिहिलेले नसते. संसर्ग महिनोन्‌महिने शांत राहू शकतो, त्यामुळे आज सापडला म्हणजे काल कोणीतरी बेइमानी केली असा हिशेब मांडता येत नाही. पुरुषाला तर अनेकदा काहीच लक्षण नसते, म्हणून तो स्वतःला निरोगी समजतो. जोडीने गेलेले बरे. तो येतच नसेल तर तिने निदान स्वतःचे उपचार पूर्ण करावेत आणि निरोध वापरण्याचा आग्रह धरावा.

कोरडेपणा, आणि 'पहिल्या रात्रीचे' रक्त

इच्छा नसताना, घाईत, भीतीने किंवा कोणी येईल या धास्तीत संबंध आला तर योनीत ओलावा येत नाही. एका खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या घरातल्या नव्या जोडप्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. कोरड्या जागी घर्षण झाले की बारीक चिरा पडतात, लघवी करताना आग होते, थोडे लाल डाग दिसतात. पुढच्या वेळी दुखेल या भीतीने स्नायू आवळले जातात, त्यामुळे आणखी दुखते, आणखी रक्त येते. बाळाला अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असते, तेव्हाही कोरडेपणा असतो. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत नवऱ्याची घाई सुरू झालेल्या कितीतरी बायकांचे रक्त हे एवढ्याच कारणाचे असते.

उपाय साधा आहे : वेळ, तिची इच्छा, आणि औषधांच्या दुकानात मिळणारी पाण्यात विरघळणारी जेली. खोबरेल तेल निरोधबरोबर वापरू नये, तेलाने रबर कमजोर होऊन निरोध फाटतो. डेटॉल, तुरटीचे पाणी, सुगंधी साबण आत वापरू नका. योनी स्वतःची स्वच्छता स्वतः राखते. ही द्रावणे तिथले चांगले जंतू मारतात आणि त्वचा आणखी सोलवटते.

आता त्या पडद्याविषयी. योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा सगळ्या मुलींमध्ये सारखा नसतो, तो पहिल्यापासून उघडाच असतो, आणि पहिल्या संबंधात अनेकींना अजिबात रक्त येत नाही. तरी आपल्या समाजांत त्यावर चारित्र्य मोजले जाते. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी २०१८ मध्ये जातपंचायतीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड मोहीम उभी केली, मारहाण आणि बहिष्कार सोसला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी अशा चाचण्यांना कोणताही वैद्यकीय आधार नाही असे जाहीर केले. बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची चाचणी' तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा कठोर शब्दांत बंद करायला सांगितली.

आपण कंजारभाटांच्या पंचायतीला नावे ठेवतो. पण आपल्याही वस्तीत लग्नाच्या पहिल्या रात्री रक्त आले नाही तर कुजबुज होते, आणि तीन महिन्यांनी येऊ लागले तर तिलाच "काहीतरी रोग घेऊन आली" म्हणतात. एकच रक्त, आणि दोन्ही वेळा आरोपी तीच.

व्यवहारात एवढे धरा : पहिल्या वेळी थोडे रक्त येऊन दिवसभरात थांबले तर काळजीचे नाही. पडदा दर आठवड्याला नव्याने फाटत नाही. रक्त वारंवार जात असेल तर कारण दुसरे आहे.

संबंध जबरदस्तीचा असेल तर रक्ताचे ते कारण सर्वांत आधी पाहावे लागते. अशा वेळी सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितके चांगले. महिला हेल्पलाइन १८१ आहे, वन स्टॉप सेंटर म्हणजे 'सखी' केंद्रात वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकत्र मिळते. जबरदस्ती नवऱ्याने केली असेल तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो.

"लग्न झालंय का?"

केसपेपर काढला की हा प्रश्न येतो. तो विचारणाऱ्याला बहुधा 'संबंध झालेत का' हेच विचारायचे असते, पण जिभेवर लग्न येते. अविवाहित मुलगी खरेच उत्तर देते, "नाही." मग तिची आतून तपासणी होत नाही. पोटाची सोनोग्राफी होते, नॉर्मल येते, रक्त वाढवायच्या गोळ्या आणि रक्त थांबवायची गोळी मिळते. रक्त काही दिवस थांबते, कारण तसेच राहते.

सोनोग्राफीत गर्भाशय, बीजांडे, गाठी दिसतात. गर्भाशयमुखाचा पृष्ठभाग तिच्यात नीट दिसत नाही. या तक्रारीत नेमके तेच पाहायचे असते. त्यासाठी स्पेक्युलम लागते, म्हणजे बदकाच्या चोचीसारखे उघडणारे उपकरण. ते घालून उजेडात मुख प्रत्यक्ष बघतात, कापसाच्या काडीने स्राव घेतात, पेशींचा नमुना घेतात. दोन-तीन मिनिटांचे काम. अंग सैल सोडले तर फारसे दुखत नाही, ताण येतो. दुखले तर "थांबा" म्हणायचे, डॉक्टरांनी थांबलेच पाहिजे.

म्हणून लग्नाच्या प्रश्नाला उत्तर देताना एक पूर्ण वाक्य पाठ करून जा : "माझे संबंध झाले आहेत आणि त्यानंतर रक्त जातं, मला आतून तपासून घ्यायचं आहे." तोंडाने निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. बरोबर हेही लिहा : शेवटची पाळी कधी आली, रक्त किती वेळा आणि किती गेले, लाल की तपकिरी, पाळीच्या मधल्या दिवसांत एरवीही जाते का, दुखते का, पांढरे पाणी कसे आहे, कोणत्या गोळ्या वा इंजेक्शन चालू आहे. लघवीवरची गरोदरपणाची तपासणी आधी होईल, त्याला नकार देऊ नका. पाळी चालू नसताना जा.

१८ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीच्या तपासणीला आईवडिलांची वा नवऱ्याची सही लागत नाही. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री खोलीत असावी असे मागता येते. माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १८ च्या आतल्या मुलीबाबत मात्र खरे सांगायला हवे : संबंधाची माहिती मिळाल्यावर पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. त्यामुळे अनेक मुली जातच नाहीत. पण कळवण्याचे कारण सांगून उपचार नाकारता येत नाहीत. सोबत विश्वासातले मोठे माणूस असेल तर पुढचे सोपे जाते.

खर्चाचे म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि औषधे मोफत आहेत.

कॅन्सरचे काय

२०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण होते आणि ७७ हजारांहून अधिक मृत्यू. हा आजार एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी शिवून जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. तो वर्षानुवर्षे टिकून राहिला तरच मुखाच्या पेशी बदलत जातात. म्हणून एचपीव्ही सापडणे म्हणजे कॅन्सर नव्हे आणि चारित्र्याचा दाखलाही नव्हे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना मात्र हा धोका सुमारे सहा पट असतो, त्यांनी २५ व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी ठरलेली आहे. "तू अजून तिशीची नाहीस, तुला गरज नाही," असे तरुण मुलीला ऐकवले जाते ते यामुळे. ही गफलत आहे. तिशीचा नियम काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. रक्त जाणाऱ्या मुलीची तपासणी वय बघून टाळायची नसते. आणि पॅपचा रिपोर्ट नॉर्मल असूनही मुखावर डोळ्यांना काही वेगळे दिसत असेल तर तुकडा घेऊन तपासावाच लागतो.

तपासणीला मोठे यंत्र लागते असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांसोबत केलेल्या अभ्यासात दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण देऊन मुखावर सौम्य व्हिनेगर लावून बघायला शिकवले. बदललेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. या साध्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे दोन्ही निष्कर्ष जगभर वापरले जातात. तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो गरीब बायकांना मात्र त्या काळात तपासणी मिळाली नाही, फक्त माहिती मिळाली, यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. शास्त्राला उत्तर मिळाले ते आपल्याच आया-बहिणींच्या अंगावर. निदान ते उत्तर आता त्यांच्या मुलींपर्यंत पोचायला हवे.

लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे, 'सर्व्हाव्हॅक', जानेवारी २०२३ मध्ये आलेली. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ वयात तीन. संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सर्वांत उपयोगी; आधीच लागलेला संसर्ग ती बरा करत नाही, आणि रक्त जाण्यावरचे औषधही नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी रक्त जाते

असे खूप जणींचे होते. गरोदरपण नाही, संसर्ग नाही, पॅप नॉर्मल, मुख व्यवस्थित. 'काही नाही' हे उत्तर ऐकून आधी हायसे वाटते आणि मग पुन्हा डाग दिसला की राग येतो. तपासणीत काही न सापडणे म्हणजे मुलगी खोटे बोलते असे नव्हे. बऱ्याच जणींचे रक्त काही महिन्यांत आपोआप थांबते.

तोवर काय करायचे? वहीत तारीख लिहा : पाळी, संबंध, रक्त, दुखणे. दोन-तीन महिन्यांत काही जुळते का ते दिसते, उदाहरणार्थ फक्त पाळीच्या आधीच्या दिवसांत जाते, किंवा एका विशिष्ट स्थितीतच जाते. तसे असेल तर स्थिती बदलता येते. जेली वापरा. काही आठवडे संबंध थांबवले तर बिघडत नाही. जवळीक एवढ्या एका गोष्टीने बनलेली नसते, आणि जो जोडीदार तेवढे थांबू शकत नाही त्याच्याविषयी तिला काहीतरी कळते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. महाराष्ट्रातल्या तरुण मुलींमध्ये रक्त आधीच कमी असते, त्यात ही भर नको.

तीन महिन्यांनीही चालूच असेल, वाढले असेल, किंवा पाळीच्या मध्ये एरवीही जाऊ लागले, तर पुन्हा जायचे आणि या वेळी कॉल्पोस्कोपी मागायची. म्हणजे भिंगातून मुखाची तपासणी. ती वैद्यकीय महाविद्यालयांत आणि काही जिल्हा रुग्णालयांत होते. पहिल्या वेळचा रिपोर्ट दाखवून "तेव्हा नॉर्मल होतं, पण अजून थांबलं नाही" असे स्पष्ट सांगायचे.

शिबिर घेणाऱ्यांसाठी

विहारात किंवा समाजमंदिरात शिबिर घेताना स्त्रियांच्या तपासणीसाठी एक बंद खोली मिळेल का ते आधी बघा. पडदा लावलेला कोपरा चालत नाही, पलीकडे बसलेल्या सासूला सगळे ऐकू जाते. झोपायला टेबल, कललेला चांगला दिवा, हात धुवायला पाणी, निर्जंतुक स्पेक्युलम आणि स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका, एवढे नसेल तर आतून तपासणी करू नका, फक्त माहिती द्या आणि कोणत्या दिवशी कोणत्या रुग्णालयात जायचे ते ठरवून सोबत जा. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असते; तिथल्या समुपदेशकाचे वार आणि वेळ आधी विचारून ठेवा.

नोंदवहीत नावापुढे तक्रार लिहू नका, क्रमांक लिहा. वही नंतर कोणाच्या घरी राहते हे आपल्याला माहीत असते. मुलीने जे सांगितले ते मंडळाच्या अध्यक्षालाही सांगायचे नाही. रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या गटावर तर नाहीच, तिच्या घरातल्या सामाईक फोनवरही पाठवायचा नाही. तो कसा आणि कुठे घ्यायचा हे तिलाच विचारायचे. शिबिरात पॅपचे नमुने घेतले असतील तर रिपोर्ट कोण आणणार, कधी आणणार आणि खराब आलेल्या बाईला घेऊन कोण जाणार, ही तीन नावे नमुने घेण्याआधी कागदावर ठरलेली हवीत. नमुना दिला, रिपोर्ट आलाच नाही, म्हणजे सगळे ठीक असेल असे समजून दोन वर्षे घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.